कॅनिस्टर जड होता, तरी ज्योत विझली

पहाटेचा अंधार पुरता सरलेला नव्हता. तंबूच्या दारापासून चार पावलांवर, एका सपाट दगडावर मी स्टोव्ह मांडला होता आणि त्यावर लिटरभर पाणी ठेवले होते. तापमान शून्याच्या दोन-तीन अंश खाली असावे, कारण बाटलीच्या तोंडाशी बर्फाचा पातळ पापुद्रा धरला होता. सुरुवातीला ज्योत चांगली निळी आणि जोरकस होती. पाच-सहा मिनिटांत ती बसू लागली. मी नॉब आणखी उघडला, ती क्षणभर सावरली, पुन्हा खाली गेली आणि बर्नरच्या छिद्रांवर नखाएवढ्या निळ्या ठिपक्यांच्या रूपात थोडा वेळ थरथरून विझली. पाणी कोमट झाले होते, इतकेच.

गॅस संपला, असे समजून मी कॅनिस्टर, म्हणजे बर्नरखालचा गॅसचा छोटा डबा, काढला आणि सवयीने हलवून पाहिला. आत द्रव डुचमळत होता. कॅनिस्टर निम्म्याच्या आसपास भरलेला होता. बाहेरच्या पत्र्यावर, बरोबर निम्म्या उंचीपर्यंत, दहिवराचा पांढरा थर चढला होता. त्याच्या वरचा पत्रा मात्र कोरडा आणि स्वच्छ होता. आत द्रव जिथपर्यंत होता तिथपर्यंतच बाहेर हिम धरले होते. इतकी स्पष्ट रेघ मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

आमच्यात वयाने सर्वांत मोठे असलेले सहकारी माझे हे सारे पाहत होते. ते म्हणाले, "टाकून देऊ नका हो तो. आत गॅस आहे. नुसता थंड पडलाय." त्यांनी कॅनिस्टर माझ्या हातातून घेतला, दहा-पंधरा मिनिटे आपल्या जॅकेटच्या आत धरून ठेवला, मग पातेल्याच्या खोलगट झाकणात त्याच कोमट पाण्यातले दोन बोटे पाणी ओतून त्यात तो उभा केला आणि वर बर्नर बसवला. ज्योत पहिल्यासारखी लागली आणि पाणी उकळेपर्यंत टिकली.

त्या सकाळपर्यंत मी स्टोव्ह निवडताना बर्नरचाच विचार केला होता. त्याचे वजन किती, तो किती वॉटचा, घडी केल्यावर मुठीत मावतो का, हे सगळे मी तासन्‌तास तपासले होते. कॅनिस्टर म्हणजे दुकानात मिळेल तो घ्यायचा, अशी माझी समजूत होती. आता मला उलटे वाटते. बर्नर ही जवळजवळ एक तोटी आहे. वायू पुरवायचा की नाही हे कॅनिस्टर ठरवतो, आणि त्याचा स्वभाव कळल्याशिवाय केलेली स्टोव्हची निवड अर्धवट राहते.

हा स्वभाव फार गुंतागुंतीचा नाही. कॅनिस्टरमध्ये वायू नसतो, दाबाखाली ठेवलेला द्रव असतो. आपण नॉब उघडतो तेव्हा त्या द्रवाच्या पृष्ठभागावरून वाफ निघते आणि ती बर्नरपर्यंत जाते. म्हणजे ज्योत चालू राहायची तर कॅनिस्टरच्या आत द्रव सतत उकळत राहिला पाहिजे. कॅनिस्टरमध्ये साधारणपणे तीन घटकांपैकी दोन किंवा तिन्ही असतात, आणि समुद्रसपाटीच्या दाबाला त्यांचे उत्कलनबिंदू एकमेकांपासून बरेच दूर आहेत: साधे ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला, आयसोब्यूटेन सुमारे उणे १२ अंशांना आणि प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळते. त्यामुळे शून्याच्या खाली साधे ब्यूटेन जवळजवळ स्वस्थ बसते, आयसोब्यूटेन अजून काम करते आणि प्रोपेनला तर त्या थंडीची दखलही घ्यावी लागत नाही. मग नुसते प्रोपेनच का भरत नाहीत, असा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर पत्र्याच्या जाडीत आहे. प्रोपेनचा दाब इतका असतो की तो सुरक्षित धरून ठेवायला जाड, जड टाकी लागते, आणि पाठीवर न्यायच्या हलक्या डब्यात ते ठरावीक प्रमाणापलीकडे भरता येत नाही.

माझ्या त्या कॅनिस्टरवर ७० टक्के ब्यूटेन आणि ३० टक्के प्रोपेन असे छापलेले होते. प्रोपेन ३० टक्के असताना उणे दोन-तीन अंशांना तो चालायला हवा होता, आणि नवा असताना तो चाललाही असता. पण कॅनिस्टर उभा ठेवून जाळला की वाफेत प्रोपेनचा वाटा द्रवातल्या वाट्यापेक्षा मोठा असतो, कारण ते अधिक उतावळे असते. आधी ते पुढे निघून जाते आणि मागे उरलेल्या द्रवात ब्यूटेनचे प्रमाण वाढत राहते. म्हणून निम्मा वापरलेला कॅनिस्टर म्हणजे नव्या कॅनिस्टरचा निम्मा भाग नव्हे. त्याच्या पोटातले मिश्रणच बदललेले असते, आणि ते थंडीला नेमके नालायक असते.

त्यात भर पडते ती बाष्पीभवनाची. द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती उष्णता द्रव स्वतःतूनच आणि डब्याच्या पत्र्यातून घेतो. पूर्ण आचेवर छोटा स्टोव्ह मिनिटाला तीन ते चार ग्रॅम गॅस जाळतो. तेवढ्या गॅसची वाफ होताना कॅनिस्टर सतत थंड होत जातो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही कितीतरी खाली जातो. पत्र्यावरची दहिवराची रेघ म्हणजे हाच हिशेब डोळ्यांना दिसणे होते. सुरुवातीची पाच मिनिटे ज्योत चांगली आणि नंतर मरगळलेली, हे थंडीतले नेहमीचे लक्षण याच कारणाने दिसते. जळताना एक ग्रॅम गॅस जेवढी उष्णता देतो, तिच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी उष्णता त्याच ग्रॅमची वाफ करायला पुरते. त्यामुळेच झाकणातले दोन बोटे कोमट पाणी एवढा फरक पाडू शकले. पाणी गरम असण्याची गरज नसते. दहा अंशांचे पाणीसुद्धा उणे तापमानातल्या ब्यूटेनला पुष्कळ ऊब असते. कढत पाणी मात्र कधीही वापरू नये. कॅनिस्टरवर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते आणि ती शोभेसाठी नसते. रात्री कॅनिस्टर झोपण्याच्या पिशवीत पायाशी घेऊन झोपणे हा सर्वांत सोपा उपाय आहे, आणि थंडीच्या दिवसांत मी तो आता कधीही चुकवत नाही.

उंचीचा परिणाम मला विशेष मोहक वाटतो. वर जावे तसा हवेचा दाब कमी होतो आणि पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण ३०० मीटरला एक अंश या गतीने उतरतो. ३,००० मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळते आणि अन्न शिजायला वेळ लागतो. पण हाच नियम कॅनिस्टरमधल्या द्रवालाही लागू होतो आणि त्याचाही उत्कलनबिंदू जवळपास तेवढाच खाली येतो. म्हणजे उंचीवर शिजवणे अवघड होत असतानाच त्याच थंडीत स्टोव्ह मात्र पायथ्यापेक्षा थोडा बरा चालतो. पाण्याकडून जे काढून घेतले जाते, ते गॅसला मिळते.

एवढे कळल्यावर मी पुन्हा बर्नरकडे वळलो, आणि आता निवड वेगळ्या क्रमाने झाली. पहिला प्रश्न कॅनिस्टर कोणता बसतो हा. डोंगरात नेण्याच्या स्टोव्हपैकी बहुतेकांना आटे असलेला, आपोआप बंद होणाऱ्या झडपेचा कॅनिस्टर लागतो. तो ईएन ४१७ या युरोपीय मानकाप्रमाणे बनलेला असतो आणि एका कंपनीचा कॅनिस्टर दुसऱ्या कंपनीच्या बर्नरवर सहसा बसतो. त्याशिवाय लांबट, आडवे ठेवायचे, खाच जुळवून बसवायचे कॅनिस्टर असतात, आणि एकदा भोक पाडल्यावर संपेपर्यंत काढता न येणारेही असतात. हा शेवटचा प्रकार पाठीवर न्यायच्या सामानात मला नको वाटतो. लांबट कॅनिस्टरमध्ये बहुधा साधे ब्यूटेनच असते, तेव्हा तो उन्हाळ्यापुरता ठीक. जिथे जायचे तिथे कोणता कॅनिस्टर मिळतो हे आधी विचारून घ्यावे, कारण भरलेला कॅनिस्टर विमानात ना हातातल्या सामानात नेता येतो, ना खालच्या.

माझा पहिला बर्नर अगदी चिमुकला होता. वजन तीस ग्रॅमच्या आत, घडी केल्यावर काड्यापेटीएवढा. त्याचे तीन पाय इतके तोकडे होते की रुंद पातेले त्यावर डोलत असे, आणि एका संध्याकाळी मी चमचा फिरवत असताना ते सरकून सारे जेवण मातीत गेले. सोबत दोघे जण होते, दिवसभराची चाल झाली होती, आणि दुसरे काही शिजवायला उरले नव्हते. तो प्रसंग मला अजून बोचतो. त्या चाळीस-पन्नास ग्रॅमच्या बचतीचा मला जो अभिमान होता, तो त्या मातीत सांडलेल्या जेवणाबरोबर संपला. त्यानंतर घेतलेला बर्नर ऐंशी ग्रॅमच्या घरातला आहे. त्याचे चार पाय लांब असून टोकांना दाते आहेत, आणि बर्नरचे तोंड किंचित खोलगट असून भोवती कड आहे. ही कड पाहायला क्षुल्लक, पण वाऱ्यात तिच्या आडोशाने ज्योतीचे मूळ टिकून राहते; उघड्या, घुमटासारख्या तोंडाच्या बर्नरवर तीच ज्योत वाऱ्याच्या पहिल्या झोतात एका बाजूला लोळते.

त्या बर्नरमध्ये दाब नियंत्रित करणारा रेग्युलेटरही आहे. रेग्युलेटर असला की थंडीत काहीही चालते, असे पुष्कळ जण सांगतात. ते खरे नाही. रेग्युलेटर नसलेला दाब निर्माण करू शकत नाही. कॅनिस्टर हळूहळू थंड होत असताना तो ज्योत एकसारखी ठेवतो, भरलेल्या आणि सरत आलेल्या कॅनिस्टरमधला फरक कमी जाणवू देतो आणि मंद आच नेमकी धरता येते, इतके त्याचे काम. मला ते पुरेसे मोलाचे वाटते. ठिणगी पाडणाऱ्या बटणावर मात्र माझा भरवसा नाही; उंचीवर आणि दमट हवेत ते हमखास दगा देते. सॅकच्या दोन वेगवेगळ्या कप्प्यांत दोन लायटर आणि एक काड्यापेटी, ही माझी ठरलेली रीत आहे.

बर्नर कॅनिस्टरच्या डोक्यावर बसवण्याऐवजी नळीने जोडलेला स्टोव्हही असतो. तो जड असतो, पण जमिनीलगत बसतो, मोठे पातेले निर्धास्त पेलतो आणि त्याच्या भोवती वाऱ्याचा आडोसा पूर्ण लावता येतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्योतीतून जाणारी तापवण्याची नळी त्यात असेल तर कॅनिस्टर उलटा ठेवता येतो. मग वाफेऐवजी द्रवच नळीत येतो, त्याची वाफ ज्योतीच्या उष्णतेने होते, प्रोपेन पुढे आणि ब्यूटेन मागे हा घोळ उरत नाही, आणि उणे पंधरा-वीस अंशांतही स्टोव्ह चालू राहतो. ही नळी नसलेल्या कोणत्याही स्टोव्हचा कॅनिस्टर उलटा करू नये. बर्नरमधून द्रव उसळून हातभर पिवळी आग उठते. तिसरा प्रकार पातेले आणि बर्नर एकमेकांत अडकवण्याचा, पातेल्याच्या तळाशी पत्र्याच्या घड्या असलेला. पाणी उकळायचे एवढेच काम असेल तर तो गॅस फार वाचवतो. पण त्यात सावकाश शिजवणे जमत नाही, आणि मला सावकाश शिजवायला आवडते.

गॅस किती न्यावा याचा हिशेब मी आता मांडून पाहतो. एक लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत न्यायला सुमारे ३३५ किलोज्यूल लागतात आणि एक ग्रॅम गॅस सुमारे ४६ किलोज्यूल देतो; म्हणजे काहीही वाया गेले नाही तर सात-साडेसात ग्रॅम पुरावेत. प्रत्यक्षात आडोसा आणि झाकण असताना बारा ते पंधरा ग्रॅम जातात. बाकीची उष्णता पातेल्याच्या बाजूंनी निघून जाते, आणि आच जितकी मोठी तितकी जास्त निघून जाते. ज्योत पातेल्याच्या तळाबाहेर डोकावू लागली की ती हवा तापवत असते. आच मध्यम ठेवली, पातेले रुंद बुडाचे घेतले आणि झाकण उघडून पाहण्याचा मोह आवरला, तर शंभर ग्रॅमच्या कॅनिस्टरमध्ये सात लिटर पाणी उकळते. बर्फ वितळवायचा असेल तर मात्र हा हिशेब पार बदलतो: शून्य अंशाच्या बर्फाचे शून्य अंशाचे पाणी करायलाच किलोमागे ३३४ किलोज्यूल लागतात, म्हणजे पाणी तापवण्याएवढेच आणखी एक काम. पिण्यासाठी पाणी उकळायचे तर खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, आणि दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटे, हा नियमही गॅस खातो आणि तो हिशेबात धरावाच लागतो.

या सगळ्या आकड्यांवर वारा पाणी फिरवतो. मी एकदा उघड्या खिंडीत अर्धा तास स्टोव्ह पेटता ठेवून पाण्याला उकळी आणू शकलो नव्हतो. मग वीस पावले खाली एका खडकामागे गेलो आणि तेच पाणी चार मिनिटांत उकळले. जागा शोधण्यात घालवलेला वेळ गॅसच्या रूपात परत मिळतो. आडोशाच्या बाबतीत मात्र एक चूक मी लोकांना वारंवार करताना पाहतो आणि प्रत्येक वेळी धास्तावतो. कॅनिस्टरच्या डोक्यावर बसणाऱ्या स्टोव्हभोवती पत्र्याचा आडोसा गोल गुंडाळून बंद करतात. त्यामुळे ज्योतीची उष्णता खाली वळून कॅनिस्टरवर साचते आणि तो तापत जातो. अशा स्टोव्हला आडोसा फक्त वाऱ्याच्या बाजूने, थोडा अंतर ठेवून लावावा आणि मधूनमधून कॅनिस्टरला हात लावून पाहावा. तो गार किंवा जेमतेम कोमट लागला पाहिजे. हाताला गरम लागला तर तत्काळ गॅस बंद करावा.

बर्नर बसवताना मी घाई करत नाही. आधी नॉब बंद आहे ना ते पाहतो, मग झडपेच्या तोंडाशी असलेले रबरी कडे बोट फिरवून तपासतो. ते कडक झाले असेल, त्याला चीर असेल किंवा वाळूचा कण चिकटला असेल तर तिथूनच गॅस झिरपतो. आटे सरळ लागले की बर्नर हलक्या हाताने फिरतो. अडकत असेल तर तो तिरका लागलेला असतो, तेव्हा जोर न करता उलगडून पुन्हा लावावा. शेवटच्या फेऱ्याला क्षणभर फुसकन आवाज होतो आणि थांबतो. थांबला नाही, किंवा वास येत राहिला, तर काडी ओढायची नाही. शंका असली तर साबणाच्या पाण्याचा थेंब जोडावर सोडला की बुडबुडा सांगतो.

आणि तंबू. बाहेर पाऊस, अंग गारठलेले, आणि स्टोव्ह आत घेऊन दार लावून घ्यावे असा मोह मला नीट माहीत आहे. मी तो पाळत नाही आणि माझ्या सोबत असलेल्यांनाही पाळू देत नाही. यावरून एकदा माझे एका जवळच्या मित्राशी कडाक्याचे भांडणही झाले आहे. आगीची भीती सर्वांना कळते, कारण ती दिसते. कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नाही. गार पातेल्याचा तळ ज्योतीच्या अगदी जवळ असला की ज्वलन अर्धवट राहते आणि हा वायू तयार होतो. ज्योत निळी दिसत असली तरी तो होतच असतो, आणि बर्फ वितळवताना तर पातेले बराच वेळ गारच असते. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे थकव्याची किंवा उंचीच्या त्रासाची वाटतात, आणि माणूस विश्रांतीसाठी त्याच हवेत आडवा होतो. फारच वादळ असेल तेव्हा मी तंबूच्या बाहेरच्या पडवीत, दार वरून आणि खालून उघडे ठेवून, पेटवण्याचे काम मोकळ्या हवेत करून मगच स्टोव्ह जवळ घेतो, आणि पाणी उकळताच विझवतो.

घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मी प्रत्येक कॅनिस्टर ठेवतो. नवा आणल्या दिवशी त्याचे वजन करून तळाशी मार्करने लिहिलेले असते, त्यातून छापील गॅस वजा केला की रिकाम्या डब्याचे वजन कळते. माझ्याकडच्या २३० ग्रॅमवाल्यांचे ते दीडशेच्या आसपास भरते. प्रत्येक सहलीनंतर नवा आकडा जुन्याखाली चढतो. बाहेर असताना काटा नसला तर कॅनिस्टर पाण्यात तरंगवून, तो किती बुडतो त्यावरून अंदाज येतो. काहींच्या अंगावर त्यासाठी खुणाही छापलेल्या असतात. पूर्ण रिकामा झालेला कॅनिस्टर मोकळ्या हवेत, उरलासुरला गॅस सोडून देऊन, त्यासाठी मिळणाऱ्या हत्याराने भोक पाडून भंगाराच्या लोखंडात देतो. दुसऱ्या टाकीतून त्यात पुन्हा गॅस भरण्याचा उद्योग मी करत नाही. झडप आणि पत्रा एकदाच भरण्यासाठी बनवलेला असतो.

अर्धवट कॅनिस्टरांची आता माझ्या फळीवर वेगळी रांग आहे. त्यांत त्या पहाटेचा कॅनिस्टरही बरेच दिवस होता, तळाशी २६४ असा आकडा लिहिलेला, म्हणजे ११४ ग्रॅम गॅस आत. पुढच्या उन्हाळ्यात एका ओढ्याकाठी, भर दुपारी, मी तो लावला. दहिवराची रेघ कुठेच नव्हती, पत्र्यावर नुसते दवासारखे थेंब होते, आणि ज्योत शेवटच्या चमचाभर द्रवापर्यंत एकसारखी जळत राहिली. उद्याच्या सहलीसाठी वेधशाळेने रात्री शून्याखालचे तापमान सांगितले आहे. रांगेतले तिन्ही अर्धे कॅनिस्टर तसेच ठेवून मी आयसोब्यूटेनचा नवा कॅनिस्टर काट्यावर ठेवला आहे, आणि मार्कर शोधतो आहे.